लॉगआउट करू नकोस

रात्री सव्वादोन. शिरोली नाक्यापुढं, दूध संघाच्या
सर्व्हर खोलीत मी एलएस टाइप केलं.
मशीन म्हणालं, अशी फाइल नाही.

फाइल होती. संध्याकाळी मीच बघितली होती.
पण तिला हाताला धरून उभी करणारी लायब्ररी
अर्ध्या अपडेटात, डिस्क भरल्यावर, कमरेतून तुटलेली;
आणि एलएस, सीपी, एमव्ही, आरएम,
एका चुलीवर जेवणारं खटलं सगळं,
चूल विझली तसं एकजात गप्प.

बाहेर टँकरची रांग. गगनबावड्याचा ड्रायव्हर खिडकीशी आला:
"ताई, वजन घेताय का रंकाळ्यात ओतू?"
पाच मिंटं, म्हटलं.
आमच्याकडं पाच मिनिटं कुणी मोजत नाही,
फॅट मोजतात.

एकच शेल जिवंत होतं, आधीपासून उघडं.
कांडगावकर सर पहिल्याच महिन्यात म्हणाले होते,
काहीही होऊ दे शिकलगार, लॉगआउट करू नकोस.
बाहेर पडलीस की आत घ्यायला कुणी नसतं.
मी कीबोर्डवरनं बोटं उचलली,
झोपलेल्या लेकराच्या अंगावरनं उचलतात तशी.

शेलला स्वतःचं थोडं तोंडपाठ असतं.
इको लिहिलं, पुढं एक तारा,
तर फाइलींची नावं एका दमात ओळीनं आली.
त्यात रेस्क्यू.

ती मी बांधलेली, तीन वर्षांपूर्वी, गणपतीच्या सुट्टीत,
खाली मिरवणुकीचे ढोल आणि वर लिंकर रात्रभर विचारतोय,
हे नाव कुणाचं? आणि हे?
लागेल ते सगळं पोटात घेतलेली एकच बायनरी,
वाटीभर साखरेलाही शेजारी न जाणारी.
नावं मात्र चाळीस. सीपी म्हणून हाक मारा, सीपी.
माउंट म्हणा, माउंट.
माझी आई अशीच, कुणाची खाला, कुणाची भाभी, शाळेत बाई;
हाक कुठली आली त्यावर हातात लाटणं की खडू.

वसगडेसाहेब म्हणाले होते, बारा एमबी?
हाय त्याच हत्यारांची दुसरी प्रत?
मी अब्बांचं सांगितलं नाही.
उद्यमनगरात धार लावायच्या चाकाशेजारी, पोत्याखाली,
त्यांची एक पटाशी असायची, मुठीसकट एका लोखंडाची.
जड. थंडीत हात सोलायची.
"ही रोजची न्हवं," म्हणायचे,
"मूठ निसटंपर्यंत समद्या पटाश्या सारख्याच."

खोटं कशाला बोलू, तिच्यातही खोट आहे.
तिच्या पोटात तीन वर्षांपूर्वीची लायब्ररी,
तीन वर्षांपूर्वीच्या चुकांसकट.
बाहेर काय काय दुरुस्त झालं, तिला पत्ता नाही.
दरवर्षी नव्याने ओतायची ठरवते.
ठरवते.

आधी जुने लॉग उडवून जागा केली.
मग शोधत गेले, लायब्ररीची धड प्रत कुठं आहे,
तर एका कोपऱ्यातल्या फोल्डरात, नाव 'असू दे'.
मालक कोण? रेस्क्यूला माणसांची नावं सांगता येत नाहीत,
त्यासाठी बाहेर विचारावं लागतं आणि ती बाहेर जात नाही.
तिनं आकडा सांगितला. १००४.

कॉपी केली. एका ओळीचं काम.
मग साधं एलएस, भीत भीत, तेच पुन्हा.
उठलं. खटलं हललं.
आणि १००४ च्या जागी, जणू काही झालंच नव्हतं,
कांडगावकर.

सर गेल्या श्रावणात गेले.
त्यांचं खातं बंद करायचं माझ्याकडं आहे,
यादीत तिसरं.

पावणेतीनला पहिला टँकर काट्यावर चढला.
मी दुसऱ्या खिडकीतनं आत येता येतंय का बघितलं.
आलं.
तरी पहिली खिडकी उजाडेपर्यंत
तशीच उघडी ठेवली.